दोन इयत्तांमधला उन्हाळा

मंडळाच्या वर्षभराच्या कार्याचा आढावा चिटणीसबाई या स्मरणिकेत घेणार आहेतच. माझ्याकडे त्यांनी मागितले ते ‘मे महिन्यातल्या वर्गाविषयी चार शब्द’. वर्ग कधी भरतो, किती मुले येतात, खडू-वह्यांचा खर्च किती होतो, हे चार शब्दांत सांगून होईल. परंतु असा वर्ग मुळात लागतो कशाला, तो आपल्याआधी कोणी आणि कोठे चालवला, त्यातून काय साधले व काय साधले नाही, हे सांगायचे तर थोडे मागे जाणे भाग आहे. येत्या सर्वसाधारण सभेत या वर्गाचा प्रश्न निघणार आहे. त्यापूर्वी हा इतिहास भगिनींच्या नजरेखालून गेलेला बरा, असे मला वाटले.

मी एकतीस वर्षे शिक्षिका होते. काही वर्षे प्राथमिक शाळेत, पुढची माध्यमिक शाळेत. मुलाने वर्षाच्या मध्येच शाळा सोडल्याचे मी फार थोड्या वेळा पाहिले. चौथीची परीक्षा होते, निकाल लागतो, शाळा सोडल्याचा दाखला हातात पडतो, आणि पाचवीच्या हजेरीपटावर ते नाव येतच नाही. दाखला घरच्या पत्र्याच्या पेटीत जातो व मूल कोठेतरी कामाला लागते. मुलगी असेल तर धाकट्या भावंडाला कडेवर घेते. तिने शाळा सोडली असे कोणी म्हणत नाही. एक शाळा रीतसर संपलेली असते आणि दुसरी सुरूच झालेली नसते.

जी मुले पाचवीत येतात त्यांचेही काही काळ हाल होतात. चौथीपर्यंत एक खोली आणि एक बाई. बाईंना मुलाचे घर ठाऊक, आईचे दुखणे ठाऊक. पाचवीत गेल्यावर तासागणिक शिक्षक बदलतात. वेळापत्रक पाहून दप्तर भरावे लागते. हिंदी नव्याने येते, पुस्तकांची जाडी वाढते, गणितात अपूर्णांक भिववू लागतात. शाळा लांब असते. वाटेत मोठा रस्ता ओलांडावा लागतो. आठवीच्या उंबरठ्यावर हाच प्रकार पुन्हा होतो, आणि मुलींच्या बाबतीत तो अधिक कठीण. त्याच वयात मुलगी ‘मोठी’ झालेली असते, आणि पुष्कळ खेड्यांत गावची शाळा सातवीलाच संपते. पुढच्या गावी जायचे की नाही, हा प्रश्न मग अभ्यासाचा राहत नाही. तो वडिलांच्या आणि आजीच्या मताचा होतो.

उंबरठे आले कोठून

आपल्याकडच्या या पायऱ्या आज-कालच्या नाहीत. जुन्या मुंबई इलाख्यात मुलगा मराठी शाळेत चार इयत्ता शिकला की त्याच्यापुढे दोन वाटा असत. एक, मराठी शाळेतच सातवीपर्यंत जाऊन व्हर्नाक्युलर फायनलला बसण्याची. ती परीक्षा झालेल्याला प्राथमिक शिक्षकाची नोकरी मिळू शके. दुसरी, इंग्रजी शाळेत नाव घालण्याची. तेथे पुन्हा इंग्रजी पहिलीपासून सात इयत्ता आणि शेवटी मॅट्रिक. मुंबई विद्यापीठाची ती परीक्षा १८५९ पासून सुरू झाली. म्हणजे दहा-अकरा वर्षांच्या मुलाचे उभे आयुष्य चौथीनंतरच्या एका उन्हाळ्यात ठरत असे. ज्याच्या घरी फी भरण्याची ऐपत आणि इंग्रजीची मुळाक्षरे गिरवून घेणारे कोणी असेल, तो दुसऱ्या वाटेने जाई. बाकीचे बहुतेक पहिल्या वाटेने जात, किंवा शेतावर.

मुलींना ही दुसरी वाट बराच काळ बंदच होती. पुण्यात सावित्रीबाई व जोतीराव फुले यांनी १८४८ मध्ये मुलींची शाळा काढली. परंतु मुलींच्या हायस्कुलासाठी पुण्याला १८८४ साल उजाडावे लागले. त्या वर्षी हुजूरपागेची शाळा निघाली. मधली छत्तीस वर्षे पाहिली म्हणजे प्राथमिक शाळा आणि माध्यमिक शाळा यांमधले अंतर मुलींना किती लांबचे होते, ते कळते.

पुढे पायऱ्यांच्या जागा सरकत राहिल्या. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात इंग्रजी आठवीपासून शिकवण्याचे धोरण आले. महाराष्ट्र राज्य झाल्यावर ते पाचवीपासून सुरू होऊ लागले, आणि २००० साली पहिलीपासून. अकरावीला होणारी शालान्त परीक्षा १९७५ मध्ये दहावीला आली. अभ्यासक्रम बदलला, परीक्षा बदलल्या, तरी खेड्यातली शाळा चौथीला किंवा सातवीला संपते हे पुष्कळ ठिकाणी तसेच राहिले. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने पाचवीपर्यंत प्राथमिक व सहावी ते आठवी उच्च प्राथमिक अशी विभागणी सांगितली आहे. आपल्याकडच्या इमारती व वर्गखोल्या मात्र जुन्या हिशेबाने बांधलेल्या. त्यामुळे मुलाला शाळा बदलावी लागते ती बहुधा जुन्या पायरीवरच.

मागे राहिलेल्यांसाठी

एकदा ही पायरी चुकली की पुन्हा चढता येते काय? हा प्रश्न आपल्या इकडे प्रथम स्त्रियांच्याच बाबतीत उभा राहिला, आणि त्याचे उत्तरही स्त्रियांच्या संस्थांनी दिले. अण्णासाहेब कर्वे यांच्या १८९६ मध्ये निघालेल्या आश्रमात आलेल्या विधवांपैकी पुष्कळजणी शाळेचे वय उलटून गेलेल्या होत्या. त्यांना लहान मुलींच्या शेजारी बसवून वर्षाला एक इयत्ता असे नेणे शक्यच नव्हते. रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन निघाले, तेथेही तीच अडचण. घरची कामे आटोपून येणाऱ्या मोठ्या वयाच्या बायकांसाठी वेगळे वर्ग काढावे लागले. त्या वर्गांतून तयार झालेल्या बायका पुढे शिक्षिकांच्या आणि परिचारिकांच्या शिक्षणाकडे गेल्या. शाळेने आपले घड्याळ बाईच्या घड्याळाशी जुळवून घेतले, ही त्यातली महत्त्वाची गोष्ट.

याच कल्पनेला देशभराचे रूप दिले ते दुर्गाबाई देशमुख यांनी. त्यांचा थोडा विस्ताराने परिचय करून देण्याचा मोह आवरत नाही, कारण त्यांचे स्वतःचे शिक्षण हाच या विषयावरचा मोठा धडा आहे.

दुर्गाबाईंचा जन्म १९०९ मध्ये आंध्रातील राजमहेंद्री येथे झाला. आठव्या वर्षी लग्न झाले. जाणत्या वयात त्यांनी ते नाते मानण्याचे नाकारले. शाळेत इंग्रजी माध्यम सक्तीचे होताच त्यांनी शाळा सोडली, आणि परकर-पोलक्यातल्या वयातच बायकांना हिंदी शिकवण्याचा वर्ग काढला. १९२३ च्या काकिनाडा काँग्रेसच्या वेळी खादी प्रदर्शनाच्या दारावर स्वयंसेविका म्हणून उभ्या असताना त्यांनी तिकीट नाही म्हणून पंडित नेहरूंना आत सोडले नाही, ही हकीकत प्रसिद्धच आहे. मिठाच्या सत्याग्रहात त्यांना तुरुंगवास घडला. तुरुंगात त्यांनी इंग्रजीचा अभ्यास धरला. सुटून आल्यावर, विशी उलटल्यानंतर, बनारस हिंदू विद्यापीठाची मॅट्रिक त्यांनी बाहेरून दिली. पुढे वॉल्टेअरच्या आंध्र विद्यापीठात बी. ए. साठी गेल्या, तर तेथे मुलींना राहायला वसतिगृह नाही. त्यांनी आणखी मुली जमवल्या आणि स्वतःच राहण्याची सोय उभी केली. मग कायद्याची पदवी घेऊन मद्रासला वकिली केली.

मद्रासमध्ये त्यांनी आंध्र महिला सभा उभारली. स्वतः ज्या वाटेने वर आल्या तीच त्यांनी दुसऱ्यांसाठी मोकळी केली. राहून गेलेल्या मुली व बायका जमवायच्या, त्यांचा थोड्या काळात कसून अभ्यास घ्यायचा आणि बनारसच्या मॅट्रिकला बसवायचे. नियमाप्रमाणे एकेक इयत्ता चढायला त्या बायकांना उसंत नव्हती. परंतु मोठ्या माणसाला जग ठाऊक असते. हिशेब तिने बाजारात केलेला असतो, निरूपण ऐकलेले असते, घर चालवलेले असते. तेव्हा लहान मुलाला सात वर्षांत जे येते ते तिला फार कमी काळात येऊ शकते, हा त्यांचा अनुभव.

दुर्गाबाई पुढे संविधान सभेत आल्या, नियोजन मंडळावर गेल्या. जानेवारी १९५३ मध्ये त्यांचा विवाह तेव्हाचे अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांच्याशी झाला. चिंतामणराव आपल्या रायगड भागातले. १९१२ च्या मॅट्रिकला ते मुंबई विद्यापीठात पहिले आले होते आणि संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांनी मिळवली होती. एकाच घरात एक मॅट्रिकला पहिले आलेले आणि एक तुरुंगातून आल्यावर बाहेरून मॅट्रिक झालेल्या! दोघांच्याही विद्वत्तेत पुढे कोणी उणे काढले नाही.

त्याच वर्षी केंद्रीय समाजकल्याण मंडळ स्थापन झाले व दुर्गाबाई त्याच्या पहिल्या अध्यक्षा झाल्या. खेड्यापाड्यांतल्या कामासाठी ग्रामसेविका, बालसेविका, सुईणी व परिचारिका हव्या होत्या. पण त्या शिक्षणाला प्रवेश मिळण्यापुरती शिकलेली बाई त्या त्या भागात मिळेना. शहरातली शिकलेली बाई खेड्यात टिकेना. यातून १९५८ मध्ये प्रौढ स्त्रियांसाठी संक्षिप्त अभ्यासक्रमाची योजना निघाली. थोडेफार शिकून शाळा सुटलेल्या तरुण स्त्रियांना साधारण दोन वर्षांत मिडल किंवा मॅट्रिकच्या परीक्षेपर्यंत न्यायचे, अशी ती योजना. हे वर्ग चालवण्याचे काम ठिकठिकाणच्या स्वयंसेवी संस्थांकडे, म्हणजे पुष्कळदा आपल्यासारख्या महिला मंडळांकडेच देण्यात आले. त्याच वर्षी नेमलेल्या स्त्रीशिक्षणाच्या राष्ट्रीय समितीच्या अध्यक्षपदीही दुर्गाबाईच होत्या. १९८१ मध्ये त्या वारल्या. महिला मंडळ म्हटले की हळदीकुंकू आणि पाककृतींची स्पर्धा, असे म्हणणाऱ्यांना हा इतिहास जरूर सांगावा.

सुट्टीतल्या शाळा

आतापर्यंत सांगितले ते मागे राहिलेल्यांना पुन्हा वर घेण्याविषयी. परंतु मूल मागे पडण्यापूर्वीच, ऐन पायरीवर, सुट्टीत त्याला हात द्यावा ही कल्पना कोठली? तिच्यासाठी थोडे परदेशात डोकवावे लागते.

अमेरिकेतल्या मोठ्या शहरांत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुट्टीतल्या शाळा निघाल्या. न्यूयॉर्कमध्ये गरिबांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेने १८९४ मध्ये त्या सुरू केल्या व १८९८ मध्ये तेथील शिक्षण मंडळाने त्या आपल्याकडे घेतल्या. शिकागोत हे काम त्याच सुमारास महिलांच्या क्लबांनी एकत्र येऊन उचलले. परदेशातून आलेल्या मजुरांची मुले उन्हाळ्यात रस्त्यावर हिंडत, त्यांना सुतारकाम, शिवणकाम, गाणी, झाडापानांची ओळख आणि गावाबाहेरच्या सहली द्यायच्या, असा त्यांचा क्रम असे. त्यात पुस्तकी अभ्यास थोडा. मुलाला पुढच्या इयत्तेसाठी तयार करणे हा हेतू तेव्हा नव्हता. उनाडपणापासून वाचवणे एवढाच होता.

तो हेतू स्पष्टपणे पुढे आला १९६५ च्या उन्हाळ्यात. अमेरिकन सरकारने गरिबी हटवण्याच्या मोहिमेत दोन गोष्टी एकदमच केल्या. शाळेत प्रथमच जाणाऱ्या लहान मुलांसाठी ‘हेड स्टार्ट’ नावाचे आठ आठवड्यांचे वर्ग काढले. त्यात पाच लाखांहून अधिक मुले आली. आणि हायस्कुलातल्या गरीब घरच्या मुलांसाठी ‘अपवर्ड बाउंड’ हा उपक्रम सुरू केला. त्यात मुलांना सुट्टीत महाविद्यालयाच्या आवारातच राहायला नेत. महाविद्यालय ही जागा आपल्यासाठी नाही, ही भीती तेथे राहिल्यानेच मोडावी, हा त्यामागचा विचार.

या दोन्हींचे पुढे काय झाले, ते आपल्या उपयोगाचे आहे. हेड स्टार्टची मोठी तपासणी १९६९ मध्ये प्रसिद्ध झाली. नुसत्या उन्हाळ्यापुरत्या वर्गांचा टिकाऊ लाभ दिसत नाही, वर्षभर चाललेल्या वर्गांचा थोडा तरी दिसतो, असा तिचा निष्कर्ष होता. त्या तपासणीवर पुष्कळ वाद झाले. तरी तो उपक्रम पुढे हळूहळू वर्षभराच्या वर्गांकडे वळला. अपवर्ड बाउंडमध्ये शाळा सुरू झाल्यावरही मुलांची शिकवणी व विचारपूस चालू राहत असे. तो उपक्रम पुढे टिकून राहिला.

सुट्टीत नेमके काय हरवते, याचाही अभ्यास झाला. बाल्टिमोर शहरात १९८२ पासून पहिलीतल्या मुलांच्या एका तुकडीचा मागोवा संशोधकांनी अनेक वर्षे घेतला. त्यांनी नळाची उपमा दिली. शाळा चालू असताना नळ सर्वांनाच येतो, म्हणून गरीब व सुखवस्तू घरांतली मुले जवळजवळ सारखीच भरतात. सुट्टी लागली की नळ बंद होतो. ज्यांच्या घरी टाकी आहे त्यांचे भागते, इतरांची घागर कोरडी राहते. पुढे २०१९ च्या सुमारास काही संशोधकांनी या निष्कर्षावर शंका घेतल्या. मोजमापाची पद्धत बदलली की उन्हाळ्यातली ही तफावत बरीच कमी दिसते, असे त्यांचे म्हणणे. तेव्हा हा विषय निकालात निघाला असे मी म्हणणार नाही. परंतु ज्या घरी पुस्तक नाही, वर्तमानपत्र येत नाही, त्या घरच्या मुलाला दीड महिन्याने पुन्हा वाचायला बसवले म्हणजे ते अडखळते, हे जूनमधल्या कोणत्याही शिक्षिकेला विचारावे.

शेजारच्या, तेव्हाच्या आंध्रातले उदाहरण

आपल्या देशात सुट्टीचा सर्वात कल्पक उपयोग केला तो मला वाटते हैदराबादजवळच्या रंगा रेड्डी जिल्ह्यात. एम. वेंकटरंगय्या प्रतिष्ठान ही संस्था १९८१ मध्ये स्थापन झाली. शांता सिन्हा या तिच्या प्रमुख. १९९१ पासून संस्थेने शेतात राबणाऱ्या, गहाण पडलेल्या मुलांकडे लक्ष वळवले. जे मूल शाळेत नाही ते कामगारच समजावे, मग ते मजुरी घेत असो वा घरी गुरे राखीत असो, अशी त्यांची भूमिका. त्यामुळे ‘आमची मुलगी घरीच असते, कामाला जात नाही’ हे उत्तर तेथे चालत नसे.

दहा-बारा वर्षांच्या, कधी शाळा न पाहिलेल्या मुलांना पहिलीत बसवणे म्हणजे त्यांची थट्टाच. म्हणून त्यांनी शिबिरे काढली. सुट्टीत रिकाम्या असलेल्या जागा वापरायच्या, मुलांनी तेथेच राहायचे, आणि शाळा उघडल्या की ज्याने त्याने आपल्या वयाच्या वर्गात जायचे. सुरुवातीला गाणी, गोष्टी, गप्पा, मग अक्षरे, मग पाठ्यपुस्तक. ज्यांना अधिक वेळ हवा त्यांच्यासाठी शिबिरही अधिक काळ चाले. शिकवणारे तरुण पुष्कळदा त्याच गावांतले, घराण्यात पहिल्यानेच शिकलेले असत. या कार्यासाठी शांता सिन्हा यांना २००३ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यात वयानुरूप वर्गात प्रवेश आणि त्यासाठी विशेष शिक्षण मिळण्याचा मुलाचा हक्क आला आहे. कायद्यातल्या या दोन ओळींमागे अशा शिबिरांतल्या मुलांचे श्रम आहेत.

त्याच कायद्यातले आणखी एक कलम आपल्या भगिनींनी पक्के लक्षात ठेवावे. दाखला मिळाला नाही किंवा उशिरा मिळाला, एवढ्या कारणावरून या वयाच्या मुलाचा प्रवेश शाळेला नाकारता येत नाही.

महाराष्ट्रात

आपल्या राज्यात सुट्टीचे गणित सर्वांना सारखे नाही. बीडसारख्या भागातली ऊसतोडणीची कुटुंबे दिवाळीच्या आगेमागे गाव सोडतात आणि कारखान्याचा हंगाम संपला की परततात. त्यांच्या मुलांचे नुकसान शाळा चालू असतानाच होते. उलट उन्हाळ्यात ती गावी असतात. म्हणजे ज्या दोन महिन्यांत शाळेला कुलूप असते, नेमक्या त्याच दोन महिन्यांत ती मुले शिकायला मोकळी असतात. फडावरच्या मुलांसाठी साखरशाळा निघाल्या, गावी राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहे निघाली. परंतु उन्हाळ्यातला हा मोकळा वेळ अजून पुरता कोणी वापरलेला नाही, असे मला वाटते.

करोनाच्या साथीत २०२० मध्ये शाळा बंद पडल्या आणि सगळ्याच मुलांची जणू एक लांबलचक सुट्टी झाली. तेव्हा उंबरठ्याचा प्रश्न घराघरात आला. २०२१ च्या जुलैत राज्याने पंचेचाळीस दिवसांचा सेतू अभ्यास आखला. नव्या इयत्तेचे पुस्तक उघडण्यापूर्वी मागच्या इयत्तेतले जे अत्यावश्यक तेवढे पुन्हा पक्के करायचे, ही त्याची रीत. सेतू हा शब्द शाळेत रूढ झाला तो त्या वर्षापासून.

२०२२ मध्ये ‘पहिले पाऊल’ या नावाने शाळापूर्व तयारीचे अभियान झाले. तो उपक्रम पहिलीत जाणाऱ्या मुलांसाठी. एप्रिलमध्ये शाळेत एक मेळावा, जूनमध्ये दुसरा. मेळाव्यात निरनिराळ्या टेबलांवर मुलाला उड्या मारायला, मोजायला, चित्रावरून गोष्ट सांगायला लावतात. दोन मेळाव्यांच्या मधल्या सुट्टीत वस्तीवस्तीत मातांचे गट करून आयांनीच मुलांकडून खेळ व कृती करून घ्यायच्या. सेवासदनाच्या काळात बाईने शिकावे म्हणून वर्ग काढावा लागला. आता त्याच घरांतल्या बायकांच्या भरवशावर सरकारने मुलांची तयारी सोपवली. हे अंतर आपण शंभर-सव्वाशे वर्षांत कापले आहे.

आपला वर्ग

आता आपल्या मे महिन्यातल्या वर्गाकडे येते. चौथीतून पाचवीत आणि सातवीतून आठवीत जाणारी मुले आपण घेतो. सकाळी आठ ते साडेदहा. अर्धा वेळ वाचन व गणित. उरलेल्या वेळात नव्या शाळेची ओळख. वेळापत्रक कसे वाचायचे, सात विषयांच्या वह्या कशा सांभाळायच्या, कंपासपेटीतले काय कशाला लागते, तासाला आलेल्या सरांना ‘समजले नाही’ असे कसे म्हणायचे. शेवटच्या आठवड्यात आम्ही मुलांना चालत नव्या शाळेपर्यंत नेऊन आणतो. पाणी कोठे, मुलींची स्वच्छतागृहे कोठे, मोठा रस्ता कोठून ओलांडायचा, हे आधी पाहिलेले असले की जूनमधली अर्धी भीती जाते. मुलींच्या आयांना एक दिवस वेगळे बोलावतो. एस. टी. ने जाणाऱ्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत मोफत पास मिळतो, हे पुष्कळजणींना तेथेच कळते.

या वर्गाविरुद्ध दोन मुद्दे सभेत येणार आहेत, आणि दोन्ही रास्त आहेत. पहिला पैशाचा. मे महिना लग्नसराईचा. सभागृहाचे भाडे हेच आपले मोठे उत्पन्न. वर्गामुळे तारखा अडतात, असे खजिनदारबाईंचे म्हणणे. मंडळाच्या शिवणयंत्रांची दुरुस्ती आणि गरजू भगिनींना दिली जाणारी मदत याच भाड्यातून होते, हे मीही जाणते. दुसरा मुद्दा उपयोगाचा. पाच आठवड्यांच्या वर्गाने काय होणार, मुले पुन्हा विसरतात, असे काहीजणी म्हणतात.

दुसऱ्या मुद्द्याचे उत्तर वरच्या इतिहासातच आहे, आणि ते आपल्याला फारसे सोयीचे नाही. नुसता उन्हाळा पुरत नाही. हेड स्टार्टला जे १९६९ मध्ये ऐकावे लागले, ते आपल्यालाही लागू आहे. जूनमध्ये मूल नव्या शाळेत गेले की आपण हात झटकून मोकळ्या होतो, आणि खरी कसोटी तर तेव्हाच लागते. माझ्या पाहण्यात जी मुले पाचवीत किंवा आठवीत गेल्यावर गळली, त्यांतली बहुतेक दिवाळीच्या आत गळली. पहिल्या घटक चाचणीत गुण कमी पडतात, कोणी काही बोलते, चार दिवस शाळा बुडते, मग आठवडा, मग कायमचीच. दिवाळीपर्यंत जे मूल टिकले ते बहुधा वर्षभर टिकते.

म्हणून माझी सूचना वर्ग बंद करण्याची नाही, तो लांबवण्याची आहे. मे महिन्यात वर्ग सकाळीच भरतो. ज्या दिवशी लग्न असेल त्या दिवशी मुलांना मारुतीच्या देवळाच्या सभामंडपात बसवता येईल. पुजारीबुवांची त्याला संमती आहे, मी विचारले आहे. त्यामुळे एकही तारीख अडणार नाही. जूनपासून दिवाळीपर्यंत दर शनिवारी दुपारी दोन तास त्याच मुलांनी पुन्हा यावे. शिवाय प्रत्येक मुलामागे एका भगिनीने नाव द्यावे. तिने शिकवायला हवे असे नाही. आठवड्यातून एकदा त्या घरी डोकावून ‘शाळेत जाते ना?’ एवढे विचारावे. मूल दोन दिवस दिसले नाही तर कारण काढावे. सहावी-सातवीपर्यंत शिकलेल्या भगिनीलाही हे काम उत्तम जमते. किंबहुना ज्यांची स्वतःची शाळा अशाच एखाद्या उन्हाळ्यात सुटली, त्या हे काम अधिक चांगले करतील, असा माझा अनुभव आहे.

गेल्या मे महिन्यात वर्गाला अठ्ठावीस मुले होती. त्यांपैकी तीन आज शाळेत नाहीत. तिन्ही मुली आहेत. एकीचे लग्न ठरल्याचे कानावर आले आहे. तिला अजून चौदावेही पुरे झालेले नाही. तिच्या घरी अध्यक्षाबाई आणि मी दोनदा जाऊन आलो, तिसऱ्यांदा बालविवाह प्रतिबंधाचे काम पाहणाऱ्या अधिकाऱ्यांना बरोबर नेणार आहोत. ती येत्या जूनमध्ये शाळेत परत यावी, यासाठी तिच्याकडून आठवीचा राहिलेला अभ्यास करून घेणारी कोणीतरी पाहिजे. हे काम मी घेतले आहे. बाकीच्या दोघींसाठी दोन नावे हवी आहेत, आणि नव्या वर्षाच्या मुलांसाठी साधारण तीस.

नावे सर्वसाधारण सभेपूर्वी चिटणीसबाईंकडे द्यावीत. वही त्यांच्या टेबलावर ठेवलेली आहे.